ओमानच्या वाळूत मोटरसायकल: आधी तांडेल निवडा, मग गाडी

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात मुचकुंदी नदी पूर्णगडाच्या किल्ल्याखाली समुद्राला मिळते. मुखावरची वाळू दर पावसाळ्यात सरकते, म्हणून गेल्या वर्षी जिथून होडी गेली तिथूनच यंदा जाईल याचा भरवसा नसतो. माझे काका तांडेल, म्हणजे होडी चालवणारे मुख्य खलाशी होते. मुखाशी आलं की ते इंजिन हळू करायचे, उभे राहायचे आणि पाण्याकडे बघत राहायचे. पाणी कुठे गढूळ आहे, कुठे हिरवं आहे, लाट कुठे फुटते आणि कुठे नुसती फुगून जाते. त्या दोन मिनिटांत होडीवर कोणी बोलायचं नाही. ते म्हणतील तेव्हाच आणि म्हणतील तिथूनच होडी जायची.

ओमानच्या वाळवंटात मी दोनदा मोटरसायकल चालवून आलो, २०१९ च्या फेब्रुवारीत आणि २०२३ च्या जानेवारीत. दुसऱ्या फेरीत मला गाइड म्हणून असाच माणूस भेटला. मोठ्या टेकडीच्या पायथ्याशी त्याने आम्हाला थांबवलं, हेल्मेट काढलं आणि गाडी तिथेच ठेवून तो पायी माथ्यापर्यंत चढून गेला. वर जाऊन पलीकडे वाकून बघितलं, बुटाने कडेची वाळू ढकलून बघितली, मग खाली आला आणि हाताने दाखवलं, इथून नाही, त्या डावीकडच्या खांद्यावरून. पहिल्या फेरीत असा माणूस नव्हता. दोन फेऱ्यांमधला फरक एवढाच, पण त्याने सगळं बदललं. पावस गावात माझं दुचाकीचं गॅरेज आहे, आणि अलीकडे बरीच मुलं विचारतात की परदेशात वाळवंटात गाडी चालवायला जायचं तर काय करायचं. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

ओमानच का, तर आमच्या भागात घराआड कोणीतरी आखातात आहे. माझा चुलतभाऊ मस्कतला नोकरीला आहे. मुंबईहून थेट विमान आहे, तीन तासांच्या आत पोचवतं. मस्कतपासून बिदिया गाव सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि बिदियाच्या कडेलाच शार्किया वाळवंट सुरू होतं. जुन्या नकाशांवर त्याचं नाव वहिबा. क्षेत्रफळ सुमारे १२,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्हे जोडले तर त्याहून थोडंसंच कमी. टेकड्या १०० मीटरपर्यंत उंच आहेत. आणि एक गोष्ट मला फार जवळची वाटते: ही वाळू रचण्यात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचा मोठा हात आहे. आपल्याकडे जूनमध्ये पाऊस आणतो तो हाच वारा. तिथे त्याने वाळूच्या दक्षिणोत्तर लांबच लांब धारा उभ्या केल्या आहेत आणि मध्ये सपाट दऱ्या सोडल्या आहेत.

हे नुसतं ऐकायला छान म्हणून सांगत नाही, सहल ठरवताना याचा उपयोग होतो. दक्षिणोत्तर गेलात तर दऱ्यांमधून बऱ्यापैकी मोकळं चालवता येतं. पूर्व-पश्चिम गेलात तर एकेक धार ओलांडावी लागते, आणि नवशिक्याचा दम दुसऱ्या-तिसऱ्या धारेलाच संपतो. म्हणून टूरवाल्याला पहिला प्रश्न विचारा: पहिल्या दिवशी आम्ही कुठल्या दिशेने जाणार? ज्याला वाळवंट माहीत आहे तो लगेच सांगेल की पहिला दिवस दरीत, मग खांद्याखांद्याने, आणि मोठी धार तिसऱ्या दिवशी. "सगळं दाखवतो, काळजी करू नका" असं म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

गाइडची पारख

माझी पहिली फेरी स्वस्तातली होती. आम्ही नऊ जण आणि गाइड एकच. तो पुढे गेला की शेवटच्या माणसाला तो दिसायचा नाही, आणि शेवटचा मी होतो. दुसऱ्याच धारेवर, अगदी माथ्याजवळ, मी घाबरून रेस सोडली. गाडी जागच्या जागी बसली. मग मी केली ती चूक सगळेच करतात: रेस वाढवली. मागचं चाक फिरत गेलं आणि खाली खाली जात गेलं, वाळू एक्सलपर्यंत आली, क्लच प्लेट जळल्याचा वास आला. गाडीवर झेंडा नव्हता. पाठीवरच्या पिशवीत दीड लिटर पाणी होतं, ते अर्ध्या तासात संपलं. चाळीस मिनिटांनी गाइड शोधत परत आला. जळलेल्या क्लचचे पैसे माझ्या डिपॉझिटमधून कापले गेले, ती चूक माझीच होती. पण ते चाळीस मिनिटांचं एकटेपण ज्यांनी ओढवलं त्यांना मी आजही माफ केलेलं नाही. उन्हाळ्याचे दिवस असते तर गोष्ट वेगळी झाली असती.

तेव्हा एका गाइडमागे चार, फार तर पाच गाड्या. त्याहून जास्त असतील तर मागे चालणारा दुसरा माणूस हवाच. सोबत फोर बाय फोर गाडी, तिच्यात पाणी, सुटे भाग आणि शक्य असेल तर एक जादा मोटरसायकल. प्रत्येक गाडीला उंच लवचिक काठीवर झेंडा, म्हणजे टेकडीपलीकडची गाडी आधी दिसते. समोरासमोर माथ्यावर येऊन दोन गाड्या आदळणं हा वाळूतला सगळ्यात वाईट अपघात, आणि झेंडा नेमका त्यासाठी असतो. सॅटेलाइट फोन गाइडकडे आहे का तेही विचारा. तो त्यांच्याकडेच असू द्या. आपल्याकडे परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर बाळगणं बेकायदा आहे, विमानतळावरच अडकाल.

डिपॉझिट किती, कशासाठी कापणार, क्लच आणि रेडिएटर कोणाच्या माथी, हे लेखी घ्या. गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंनी फोटो काढा. आणि गॅरेजवाला म्हणून एक सांगतो: सीट किंवा बाजूचं कव्हर काढायला लावून एअर फिल्टर बघा. तिथे बऱ्याचशा गाड्यांना फोमचा, तेलात भिजवलेला फिल्टर असतो. तो बोटाला चिकट लागला पाहिजे. कोरडा लागला किंवा आतल्या बाजूला, इंजिनकडे जाणाऱ्या तोंडाशी, बारीक वाळू दिसली तर ती गाडी घेऊ नका. एका फिल्टरवरून त्या माणसाची सगळी शिस्त कळते. दुसऱ्या फेरीत आमचा गाइड रोज संध्याकाळी, चहा पिण्याआधी, पाचही गाड्यांचे फिल्टर काढायचा. एक पेट्रोलच्या डब्यात बुडवून पिळायचा, दुसरा आदल्या दिवशी धुऊन तेल लावून ठेवलेला बसवायचा. पिळताना कपडा पिळतात तसा पीळ द्यायचा नाही, फोम फाटतो. दोन्ही तळहातांमध्ये दाबायचा. मी त्याच्याशेजारी बसून दोन करायला घेतले, तेव्हा त्याने माझे हात बघितले आणि काही न बोलता तेलाचा डबा माझ्याकडे सरकवला.

घरची तालीम

आता मुलं म्हणतात, आपल्याकडे तर एवढी पुळण, म्हणजे समुद्रकाठची वाळू आहे, तिथेच सराव करू. नको. गावखडीच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, आणि त्यांचे महिने साधारण आपल्या सरावाचेच महिने. वाळूखाली घरटं असलं तर वरून कळतही नाही. बऱ्याच किनाऱ्यांवर गाडी न्यायला बंदी आहे, ती योग्यच आहे. शिवाय ओल्या पुळणीवर गाडी डांबरी रस्त्यासारखी पळते, त्यातून वाळवंटाचं काहीच शिकायला मिळत नाही.

खरी शाळा म्हणजे बंद पडलेली चिरेखाण, जांभ्या दगडाचे चिरे काढतात ती. मालकाला विचारून जा. खाणीच्या तळाशी चिरे कापून उरलेली लाल भुकटी साचते, काही ठिकाणी घोट्यापर्यंत. पुढचं चाक तिच्यात शिरलं की हँडल आपोआप डावी-उजवी मारायला लागतं, अगदी वाळूत मारतं तसंच. ट्रक उतरण्यासाठी केलेला उतार चढ-उतार शिकवतो. तोंडाला मास्क हवाच, ती धूळ छातीला वाईट. आणि कातळसडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचा खडकाळ माळ: उघडा, खडबडीत, मध्ये सुटी खडी. ओमानमध्ये वाळूपर्यंत पोचेपर्यंत दगडगोट्यांचे सपाट माळ लागतात, त्यांची सवय सड्यावर होते. पण सड्यावर जाताना आधी गावात चौकशी करा की जवळपास कातळशिल्पं, म्हणजे खडकात कोरलेली प्राचीन चित्रं, आहेत का. उक्षी, जांभरुण, कशेळी, देवाचे गोठणे, बारसू, नावं किती सांगू. ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत २०२२ मध्येच आली, पण आपल्या सड्यांवर ती हजारो वर्षं आहेत. चित्र मातीखाली, गवताखाली असतं. एका चाकाने खरवडलं की गेलं.

तालमीत फक्त तीन गोष्टी घोटवा. फूटरेस्टवर उभं राहून अर्धा तास गाडी चालवणं, तेही गुडघ्यांनी टाकी पकडून, हात सैल ठेवून. नजर चाकापुढे न ठेवता लांब ठेवणं. आणि आडवी पडलेली गाडी एकट्याने दहा वेळा उचलणं. हिमालयन ४५० चं वजन १९६ किलो, एक्सपल्स २०० चं १५८ च्या आसपास. तिथे मिळते ती केटीएम ४५० सारखी गाडी पेट्रोल न भरता ११० किलोच्या आत असते, त्यामुळे उचलायला ती सोपी जाईल. मात्र तिचा पिकअप अंगावर येतो. पर्याय असेल तर पहिल्या फेरीला ३५० घ्या, ती दमवत नाही.

वाळूत

टायरची हवा १२ ते १४ पीएसआयपर्यंत उतरवतात. टायर पसरतो आणि वाळूवर तरंगतो. गाइड किती ठेवतो ते विचारा, स्वतःची अक्कल चालवू नका, कारण रिमला टायर धरून ठेवणारं लॉक नसेल तर कमी हवेत टायर रिमवर फिरून ट्यूब फाटते.

वाळूत गाडी सुटते ती वेगाने. उभे राहा, वजन थोडं मागे, पुढचं चाक हलकं, आणि रेस सारखी. हँडल हलेल, हलू द्या. आपण ते दाबून धरलं की पुढचं चाक रुततं आणि आपण हँडलवरून पुढे जातो. हात सैल ठेवणं हे ऐकायला सोपं आहे, पण भीती वाटली की माणूस मूठ आवळतो. मला दुसऱ्या फेरीतही पहिला पूर्ण दिवस लागला. गाइडने युक्ती सांगितली: दर थोड्या वेळाने बोटं उघडून क्लच लिव्हरवर टकटक करायची. बोटं हलली की मूठ सुटते.

टेकडीची एक बाजू घट्ट असते आणि एक भुसभुशीत. वारा ज्या बाजूने येतो ती दाबलेली, तिच्यावर बारीक लाटांची नक्षी असते. पलीकडची, वाऱ्याआडची, नुसती ओतलेली असते. कोरडी वाळू साधारण ३४ अंशांहून तीव्र उभी राहत नाही, त्यामुळे ती बाजू नेमकी तेवढ्या उताराची असते, पाय ठेवला की घसरणारी. चढायचं घट्ट बाजूने. पायथ्याशीच पुरेसा वेग घ्यायचा, माथा जवळ येताना रेस कमी करत जायची आणि माथ्यावर गाडी जवळजवळ थांबेल अशी आणायची. पलीकडे काय आहे ते न बघता माथ्यावरून उडी मारली तर खाली माणूस, उंट, गाडी किंवा नुसती पोकळी काहीही असू शकतं. उतरताना सरळ, अगदी सरळ खाली, वजन मागे, पुढचा ब्रेक विसरायचा आणि थोडी रेस द्यायची. तिरपं उतरलात की गाडी आडवी होऊन तुमच्यावर येते.

चढाला जमणार नाही असं वाटलं तर अर्ध्यातच गोल वळण घेऊन खाली या, पुन्हा वेग घ्या. थांबू नका. आणि थांबलातच, रुतलातच, तर लगेच इंजिन बंद. मग गाडी चढाच्या बाजूला आडवी पाडा, चाकाखालचा खड्डा हातांनी, पायांनी भरा, गाडी उभी करा, तोंड उताराकडे वळवा आणि मग चालू करा. एकूण तीन मिनिटांचं काम आहे. हेच मला २०१९ मध्ये माहीत असतं तर क्लचही वाचला असता आणि पाणीही.

वेळ सकाळची. रात्रीच्या दवाने वरची वाळू किंचित घट्ट असते, आणि उन्हं तिरपी असल्यामुळे प्रत्येक कडेची सावली दिसते. अकराच्या सुमारास ऊन डोक्यावर आलं की सगळं एकसारखं पिवळं दिसतं. पुढे खड्डा आहे की सपाट, डोळ्याला कळत नाही. चांगला गाइड त्या वेळी घाफच्या झाडाखाली थांबवतो. घाफ म्हणजे आपली शमी, दसऱ्याला पुजतो तीच. वाळवंटाच्या कडेला तिची राई आहे. मी झाड ओळखलं तेव्हा नकळत खोडाला हात लागला. तिच्या मुळांजवळ गाडी नेऊ नका, तिथली माणसं आणि जनावरं त्या सावलीवर जगतात.

पाणी तीन लिटर पाठीवर, ओआरएसची पाकिटं खिशात. मी आमसुलं आणि सैंधव घेऊन गेलो होतो. रात्री बाटलीत भिजत घातली की सकाळी पाणी पिववतं, आणि दुपारच्या उन्हात गोड काही नकोसं होतं तेव्हा हेच लागतं. तहान लागायची वाट बघू नका, दर थांब्याला प्या. लघवी गडद व्हायला लागली की गाइडला सांगा, लाजू नका.

वादी

आपल्याकडे वाडी म्हणजे वस्ती. तिथे वादी म्हणजे नदीचं कोरडं पात्र. बिदियाकडे जाताना आणि डोंगरात सहल असेल तर वाद्या ओलांडाव्या लागतात. आपण पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा, भरलेला बघितलेला असतो, त्यामुळे हे लवकर समजावं: पाऊस वर डोंगरात पडतो आणि लोंढा खाली कोरड्या उन्हात येतो. एप्रिल २०२४ मध्ये ओमानच्या अशाच पुरात शाळकरी मुलं वाहून गेली. पाणी वाहत असलेली वादी ओलांडणं तिथे कायद्याने गुन्हा आहे. वादीत तंबू ठोकायचा नाही, गाडी लावायची नाही. आणीबाणीचा नंबर ९९९९.

कागद आणि सामान

जाण्याचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, मार्चचा पहिला पंधरवडा फार तर. रमजान कधी येतो ते बघून तारखा ठरवा, त्या महिन्यात दिवसा उघड्यावर खाणंपिणं टाळावं लागतं आणि गाइडचाही उपास असतो. व्हिसा ऑनलाइन निघतो. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून काढा, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष, आणि तुमच्या मूळ लायसनवर गिअरची मोटरसायकल असायला हवी. तिथे वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. वाळूत फरक पडत नाही, पण पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना सवयीने डावीकडे वळाल, म्हणून टाकीवर बाणाची चिकटपट्टी लावा. मी लावली होती.

प्रवास विमा घेताना बारीक अक्षरं वाचा. अनेक पॉलिसी ठरावीक सीसीच्या वरची मोटरसायकल किंवा रस्त्याबाहेरचं चालवणं वगळतात. एजंटकडून ई-मेलवर उत्तर घ्या, तोंडी नको. बूट, गुडघ्याचे गार्ड आणि गॉगल स्वतःचे न्या, भाड्याचे बूट पायाला बसत नाहीत. घरून मसाला देतील, त्यात खसखस नाही ना बघा. आखातातल्या अनेक देशांत तिच्यावर बंदी आहे. खोकल्याची आणि दुखण्याची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

तळावर बेदुईन, म्हणजे वाळवंटातले अरब, यजमान काहवा म्हणजे अरबी कॉफी देतील, सोबत खजूर. कप उजव्या हातात घ्या. रिकामा कप पुढे केला की पुन्हा भरतात, आणि पुरे झालं असेल तर तो डावी-उजवीकडे हलवून परत द्यायचा. मला हे ठाऊक नव्हतं, मी सहा कप प्यालो. सातव्याला गाइडने माझं मनगट धरून हलवून दाखवलं.

ज्यांना सराव करायचा आहे त्यांच्यासाठी: डिसेंबर ते मे, दर रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही पाच-सहा जण मालकाची परवानगी घेतलेल्या एका चिरेखाणीत असतो. बूट, हेल्मेट, मास्क आणि दोन लिटर पाणी नसेल तर उतरू देत नाही. पहिले दोन रविवार फक्त गाडी उचलायची.